सोबतची व्यक्ती

“हॅलो?”

आवाज फुटलाच नाही. घसा खाकरून तिनं पुन्हा म्हटलं, “हॅलो? … हो, मीच बोलतेय. … नाही हो, झोपले नव्हते. साडेचार वाजलेत, आत्ता कशाला झोपेन? … नाही, सर्दी नाही. आवाज जरा बसलाय, एवढंच.”

खरी गोष्ट अशी की परवा संध्याकाळपासून ती कुणाशी तोंडानं बोललीच नव्हती. कामाचं सगळं बोलणं टाइप करून चालायचं. दोन दिवसांत तिच्या कानावर पडलेला एकमेव आवाज म्हणजे लिफ्टमधल्या बाईचा, ‘चौथा मजला’ असं सांगणारा, आणि ती बाईसुद्धा रेकॉर्ड केलेली. भाड्याच्या त्या खोलीत एक टेबल होतं, टेबलावर दोन स्क्रीन, एक खुर्ची बसायला आणि दुसरी धुतलेले कपडे टाकायला. फोन वाजला तेव्हा तिनं नाव वाचलं आणि उचलावा की नाही या विचारात तीन वेळा वाजू दिला.

‘बाबा घर.’

म्हणजे सासरे. दीड वर्षापूर्वीपर्यंतचे सासरे. घटस्फोट झाला, नवरा नोकरी धरून परदेशी गेला, ती या खोलीत आली आणि सासरे होते त्याच घरात एकटे राहिले. सासूबाई तर त्याच्याही आधी वारलेल्या. सासऱ्यांशी तिचं कधी भांडण झालं नव्हतं. पण ज्याच्यामुळे नातं जुळलं तोच मधून उठून गेल्यावर फोन कोणत्या तोंडानं करायचा, हे दोघांनाही उमगेना. शेवटचं बोलणं होऊन अकरा महिने झाले होते.

“मी छान आहे बाबा. … अं? … हो, बाबाच म्हणतेय. दुसरं काय म्हणू? … काम ना? जोरात आहे. माणसंही खूप आहेत हो, नुसती गर्दी. दुपारी जेवायला सगळे एकत्रच बसतो. … हो, हसतखेळत. … तुम्ही कसे आहात? … नक्की ना? … मग बोला ना. काहीतरी काम काढून फोन केलाय तुम्ही, मी ओळखत नाही होय?”

टेबलावरच्या दुपारच्या ताटलीत पावाची अर्धी उरलेली स्लाइस वाळून कडक झाली होती. ती तिनं कोपरानं बाजूला सारली.

“कसली वेबसाइट? … हॉस्पिटलची? आमची? … अहो ‘आमची’ म्हणजे मी केलेली. माझं कुठलं आलंय हॉस्पिटल! … हो, तीच. कुठलं बटण कुठं, कुठल्या पानावरून कुठं जायचं, ते सगळं माझं. … बरं बरं, शिव्या नका देऊ. … शिवी दिली नाही कसं? आत्ता ‘सदोष रचना’ म्हणालात की. तुमच्या तोंडून तीच शिवी.”

चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस. रागावला की तो आवाज चढवत नसे, शब्द जड करत असे. तिला ते ऐकून अचानक बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून जरा लाजही वाटली.

“काय होतंय नक्की? … पुन्हा पुन्हा तिथंच येताय. … ‘तिथंच’ म्हणजे कुठं? … अहो, मला तुमची स्क्रीन दिसत नाही. … मी केली म्हणून दिसते असं नसतं बाबा. शिंप्यानं शर्ट शिवला म्हणून तो घालून तुम्ही कुठं गेलात ते शिंप्याला कळतं का? … हां. … आणि काम काय होतं? … डोळ्यांची तपासणी. साधीच ना? … बरं. … तुम्ही मोबाइलवर बघताय की… माझा जुना कॉम्प्युटर? तो चालू होतो अजून? … तुम्ही पुसता रोज? कशाला पण… बरं. ऐका. पानाच्या अगदी वर बघा. हॉस्पिटलचं नाव आहे, त्याच्याखाली करड्या रंगात, बारीक अक्षरांत एक ओळ आहे. … नाही, तो डॉक्टरांचा फोटो. त्याच्या वर. … अजून वर. … सापडली? वाचा मोठ्यानं. सावकाश.”

गंमत अशी की त्या दिवशी सकाळपासून ती त्याच ओळीवर काम करत होती. मोबाइलच्या लहान पडद्यावर ही ओळ जागा खाते, कुणी तिच्याकडे बघतही नाही, काढून टाका, असं तिच्या मॅनेजरचं म्हणणं होतं. साडेपाचपर्यंत तिनं काय ते ठरवून कळवायचं होतं. समोरच्या स्क्रीनवर दोन पानं शेजारी शेजारी उघडी होती, एक ओळ असलेलं, एक नसलेलं.

“मुख्यपान… बरं… ‘पेक्षा मोठं’? काय कशापेक्षा मोठं? … अहो बाबा!” ती खुदकन हसली. “ते ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह नाही हो! … दिसतं तसंच, मान्य. पण तो बाण समजा. मुख्यपानाच्या पोटात हे, त्याच्या पोटात ते, त्याच्या पोटात अजून एक. … हां, मग एका अर्थी मोठंच. संच आणि उपसंच. बरोबर आहे तुमचं, गुण द्या स्वतःला. … याला ना? ब्रेडक्रम्ब म्हणतात आमच्यात. … हो, पावाचा चुरा. … मी नाही हो ठेवलं नाव, आधीपासूनचं आहे. … माणूस पानांच्या गर्दीत भरकटू नये म्हणून ठेवतात. आपण कुठं आहोत ते त्यात कळतं, आणि आधीच्या शब्दावर बोट ठेवलं की एक पायरी वर जाता येतं. … हो, शेवटचा शब्द दाबला जात नाही. तिथं तुम्ही उभेच आहात ना, तिथंच पुन्हा कसं जाणार?”

खोलीत आपलं हसू तिला परक्याचं वाटलं. भिंतींना त्याची सवय राहिली नव्हती.

“परत पहिल्यापासून वाचा. … मुख्यपान… रुग्णसेवा… हृदयविभाग… पुढे? … ‘शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी’… आणि शेवटचं? ठळक अक्षरांतलं? … ‘सोबतची व्यक्ती’.”

 हातातलं पेन तिनं टेबलावर अगदी हळू ठेवलं.

“… आहे, आहे. लाइनवरच आहे. … बाबा, डोळे हृदयविभागात कधीपासून तपासायला लागले?”

पलीकडे सासरे काहीतरी भराभरा सांगू लागले. इतक्या भराभर ते कधी बोलत नसत.

“चुकून कसं? … बोट लागलं आणि तिथं पोचलात? … अहो ऐका ना. ऐका. ती ओळ तुम्ही कुठून कुठून भटकत आलात ते सांगत नाही. ते पान मुळात कुठलं आहे, तेवढंच सांगते. तुम्ही कुठूनही या, ओळ तीच दिसणार. … नाही, तसं नाही. … बाबा, त्या पानावर चुकून जाताच येत नाही. ज्याला ऑपरेशनची तारीख मिळालीय त्यालाच ते उघडतं. मीच तसं करून घेतलंय. … तारीख कधीची आहे?”

 पलीकडे फ्रीज थरथरत बंद झाल्याचा आवाज आला. तो फ्रीज बंद होताना एकदा असा हुडहुडी भरल्यासारखा हलायचा. त्या घरात असताना आपल्याला तो ऐकूसुद्धा येत नसे, असं तिच्या मनात आलं.

“उद्या?”

ती खुर्चीतून उठली.

“उद्या सकाळी. … दाखल किती वाजता? … साडेसात. … आणि हे तुम्ही मला आज, पावणेपाच वाजता, ‘सदोष रचना’ म्हणून सांगताय? … नाही, चिडले नाही. … बरं, चिडलेय. … काय करणार आहेत? … झडप. दुरुस्त करणार की बदलणार? … बदलणार. … डॉक्टर काय म्हणाले? … ‘नेहमीचं ऑपरेशन आहे.’ त्यांचं नेहमीचं असेल हो, तुमचं पहिलंच आहे! … त्रास कधीपासून होतोय? … जिना चढताना. … एका दमात किती पायऱ्या? … सहा. आधी तुम्ही सगळा जिना बोलत बोलत चढायचात. … त्याला सांगितलंत?”

‘त्याला’ म्हणजे मुलाला, तिच्या आधीच्या नवऱ्याला. त्याचा विषय दोघांनीही अजून काढला नव्हता.

“काय सांगितलंत? … डोळ्यांची तपासणी. … तिकडून उगाच धावपळ कशाला, हो, कळलं. … सुट्टी मिळत नाही. … बरं, ते तुमचं दोघांचं आहे, मी मधे पडत नाही. पण आज रात्री जेवायच्या आधी फोन करून त्याला खरं सांगायचं. … मी नाही सांगणार. तुमचा मुलगा आहे, तुम्ही सांगायचं. … शब्द द्या. … नुसतं ‘बघू’ नको. … हां.”

आता तिचा आवाज मोकळा झाला होता. कामाला लागलेल्या बाईचा आवाज.

“त्या पानावरचा फॉर्म भरायची वेळ? … सहा. … हो, सहापर्यंत भरला नाही तर खाट दुसऱ्याला देतात, माहितीय मला. … मग सकाळपासून काय करत होतात? … हेच? … सकाळी नऊपासून? … पण पान तर तुम्हाला सापडत होतं. … किती वेळा? … अकरा वेळा. … म्हणजे मुख्यपानावर मागे जायचं, दुसरीकडून आत शिरायचं आणि पुन्हा तिथंच. … बाबा, म्हणजे तुम्ही भरकटला नव्हताच. रस्ता चोख येत होता तुम्हाला. … मग अडत कुठं होतं? … लाल अक्षरांत काय येतं? … ‘ही माहिती आवश्यक आहे.’”

तिला पुढचं विचारायची गरज उरली नाही. ‘सोबतची व्यक्ती’ या शब्दांपुढचा सक्तीचा लाल तारा तिच्या डोळ्यांसमोर आला, कारण तो तिनंच तिथं लावला होता. वेबसाइट घडत होती तेव्हाची बैठक तिला लख्ख आठवली. हॉस्पिटलच्या वयस्क मुख्य नर्स म्हणाल्या होत्या, हा रकाना रिकामा सोडता आला पाहिजे, काही लोकांचं कुणी नसतं हो. आणि ती, तेव्हा भरल्या घरात राहणारी, झटक्यात म्हणाली होती, असं कसं, प्रत्येकाचं कुणीतरी असतंच की. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तारा लागला. पुढे ही खोली भाड्यानं घेताना मालकाच्या कागदावर ‘अडीनडीला कुणाला कळवायचं’ असा रकाना आला, तेव्हा तिनं बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि शेवटी खिडकीतून समोर दिसणाऱ्या दातांच्या दवाखान्याच्या पाटीवरचा नंबर बघून बघून उतरवला. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

“ऐकतेय हो. … काय काय लिहून बघितलंत? … त्याचं नाव. … नंबर घेत नाही ना? इथलाच नंबर लागतो, बाहेरच्या देशातले आकडे त्यात बसत नाहीत. … मी नव्हता केला तेव्हा तेवढा विचार. … मग? … स्वतःचंच नाव? अहो! … ‘रुग्ण आणि सोबतची व्यक्ती एकच असू शकत नाही.’ … हो. ते वाक्यही माझंच. … व्याकरणात चूक नाही म्हणता. उपकार झाले. … आणि मग? … कुणाचं?”

ती पुन्हा खाली बसली.

“… आईंचं.”

“… घेतलं नाव? … आणि नंबरवर चार आकडी कोड गेला. … आईंच्या मोबाइलवर. … तो आहे अजून? … चार्ज करून बघितलात. … बाबा, ते सिम केव्हाच बंद झालं असणार. … किती वेळ थांबलात? … पाऊण तास.”

  फोनमध्ये नुसता श्वास येत जात होता, आणि तो आता तिला जास्तच लक्ष देऊन ऐकावासा वाटत होता.

“शेजारी कुणी? … नाही, बरोबर आहे, त्यांच्याच घरी आजारपण. … शाळेतलं कुणी? … कोण कुठं गेलं कुणाला ठाऊक, हो. … बरं, हे सगळं राहू दे. माझं नाव लिहा.”

“… लिहा हो. पाच वाजत आले. … हो, कळलं, त्यासाठी फोन नव्हता केलात. फोन वेबसाइटसाठी होता. … मान्य. शंभर टक्के मान्य. मग वेबसाइटसाठीच लिहा! … भीड कसली त्यात? … अहो, तुमच्या वर्गात अनिवार्य प्रश्न असायचा ना? तो सोडून पुढे जाता यायचं का? … मग. … हां, टाइप करा. … आडनाव?”

इथं दोघंही घोटाळले.

“नाही, ते नको. ते आता… हो. माहेरचं लिहा. … नवं म्हणजे परत जुनंच झालं, हो. … पहिली वेलांटी दीर्घ. … बरोबर. … आता नंबर. लिहा, नऊ… काय? … पाठ आहे? … सांगा बघू. … अजून पाठ आहे तुमच्या? … मूळ संख्या कशी काय निघाली ती? … शेवटचे चार आकडे. बरं. मला तर माझाच नंबर बघून सांगावा लागतो. … ‘कोड पाठवा’ दाबा. … आला, आला. फोन कानावरून काढून बघते हं, थांबा. … चार… सात… शून्य… दोन. … हो, शून्य मधेच. … घेतला?”

टिंग करून दुसऱ्या स्क्रीनवर मॅनेजरचा निरोप उमटला. साडेपाचची आठवण. ओळ काढायची ना? एवढंच विचारलं होतं. तिनं फोन मान आणि खांद्यामध्ये धरला आणि दोन्ही हातांनी टाइप केलं: ‘ओळ राहणार. मोबाइलवरही. आज एका माणसाला आम्ही दोघांनी मिळून तिच्यावरूनच शोधलं. आणि सोबतची व्यक्ती हा रकाना उद्यापासून आवश्यक ठेवायचा नाही, त्यावर मी वाद घालणार आहे.’ पाठवल्यावर तिला वाटलं, हे कुणाला कळणार नाही. पण तिनं ते खोडलं नाही.

“हो, हो, आहे मी. … ‘नातं’. यादी उघडली? … वाचा. … पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, सून, जावई, शेजारी, इतर. … ‘सून’ नका घेऊ. … नाही, राग नाही बाबा. खोटं होईल ते. कागदोपत्री नाहीये ना मी आता. … नाही, ‘मुलगी’ही नको. तेही खोटंच. … शेजारी? बसनं चाळीस मिनिटं लागतात, कसली शेजारी! … ‘इतर’ घ्या. … हो, इतरच. … त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? नुसता शब्द आहे. मीच घातलाय. … खाली चौकट आली? ‘कृपया स्पष्ट करा.’ … काहीही लिहा हो. कुणी वाचतसुद्धा नाही ते.”

पलीकडे एका बोटानं कळा दाबल्याचे आवाज येऊ लागले. एक. मग बराच वेळ काही नाही. मग एक. सासऱ्यांना जोडाक्षरं सापडत नसत, हे तिला माहीत होतं. पूर्वी ते खोलीच्या दारात उभे राहून विचारायचे, ती आपल्या कामातून मान वर न करता सांगायची. तेव्हा त्याच कॉम्प्युटरपुढे ती बसलेली असायची, आणि मान वर करायला एकच क्षण लागला असता.

“शब्द अडला का? सांगू? … बरं, करा तुमचं तुम्ही. … झालं? … काय लिहिलंत?”

“… ‘घरचीच.’”

ती उठून खिडकीपाशी गेली. समोरच्या दवाखान्याच्या बाकावर एक माणूस गाल धरून बसला होता.

“… बाबा, हे नातं नाही होत. … होतं म्हणता. … नाही, नाही, खोडू नका. ऐका माझं. राहू दे. … राहू दे तसंच. … आता ‘पुढे जा’ दाबा. … फिरतंय? फिरू दे. … काय आलं? … हिरवं. … वाचा. … ‘आपली माहिती जमा झाली आहे.’ … झालं, बाबा. झालं सगळं. पाच वाजून दहा मिनिटं. अजून पन्नास मिनिटं होती हातात.”

 काम संपलं होतं, फोन ठेवायला हरकत नव्हती. पण कुणीच ठेवला नाही. तिनं खिडकीच्या काचेवर बोटानं एक रेघ ओढली. पलीकडे सासऱ्यांनी खुर्ची सरकवली. मग ते बोलू लागले, शाळेत सूचना वाचून दाखवावी तशा सपाट सुरात.

“कुठली फाइल? … निळी. … कपाटाच्या वरच्या कप्प्यात. … बाबा, हे आत्ता नको ना. … नको म्हणते तर. … बरं, सांगा. … त्याला द्यायचे सगळे कागद. … आणि किल्ली पितळी डब्यात. … आणि आईंचे दागिने… हे मला कशाला सांगताय? … हो, लिहून घेतेय. … हो, लिहिलं.”

तिनं एक अक्षरही लिहिलं नव्हतं. पेन कुठं आहे तेही तिला दिसत नव्हतं.

“आता माझं ऐका. उद्या सकाळी सातला मी घरी येते. तिथून टॅक्सीनं दोघं जाऊ. … का म्हणजे? नाव दिलंय ना माझं. … नावापुरतं नसतं ते. … नाही हो, नसतं. सोबतच्या माणसाला तिथं समोर उभं राहून सही करावी लागते. … नियमच आहे. सही झाली नाही तर परत पाठवतात, ऑपरेशनच होत नाही. … मला माहीत नसेल तर कुणाला? अख्खी वेबसाइट… … काय? … काय वाचताय?”

गणिताच्या मास्तरांनी पान अजून बंद केलं नव्हतं. उत्तर आलं तरी पडताळा घेतल्याशिवाय ते वही मिटत नसत.

“… खाली? … बारीक अक्षरांत. … ‘सोबतच्या व्यक्तीची संमती दूरध्वनीवरूनही घेण्यात येईल. प्रत्यक्ष उपस्थिती आवश्यक नाही.’ … हो. … हो, तसंच लिहिलंय. … खोटं बोलले, हो. … ऑफिसच्या गर्दीतून रजा कशी… बाबा, गर्दी नाहीये. ऑफिसच नाहीये. एक खोली आहे, मी घरूनच काम करते. परवापासून आज पहिल्यांदा कुणाशी बोलतेय ती तुमच्याशीच. … म्हणून आवाज बसला होता. … नाही, रडत नाही.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, अगदी हळू आवाजात.

“ते वाक्य? … हो, तेही मीच लिहिलंय. आवश्यक नाही, असंच लिहिलंय. … कळतंय मला. आवश्यक नाही. …

“… तरी येते.”

पलीकडे कॉम्प्युटर बंद केल्याचा आवाज आला.

“… सातला नको? … मग? … साडेसहा. … एवढ्या लवकर कशाला? … हां, जिन्याला वेळ लागेल. सहा सहा पायऱ्यांनी उतरायचं. … नाही, घाई नाही करायची. मी आहे. … बरं. साडेसहा. … आणि त्याला आज फोन… हो, जेवायच्या आधी. … जेवणार आहात ना? … मीही जेवते. … हो, खरंच जेवते. … बरं बाबा. … ठेवू मग? … ठेवते हं. … हॅलो?”

तोवर सासऱ्यांनी फोन ठेवला होता. तरी ती आणखी थोडा वेळ तसाच कानाशी धरून उभी राहिली.